आधी मुंबईचे आकाश, मग तारांगण: एका वाचनालयातल्या खेळाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

लालबाग-परळ भागातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाने वर्धापनदिनानिमित्त डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फिरते तारांगण आणायचे ठरवले. वाचनालयाचे आणि कोणत्याही व्यक्तीचे नाव इथे दिलेले नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. हौशी आकाशनिरीक्षकांच्या एका गटातर्फे मी या कामात मदतीला होते.

फिरते तारांगण म्हणजे हवेने फुगवायचा कापडी घुमट. ब्लोअर सतत हवा भरत राहतो, प्रेक्षक एका बोगद्यासारख्या दारातून वाकून आत जातात, आणि मधोमध ठेवलेला प्रोजेक्टर फिशआय भिंगातून पूर्ण घुमटभर चित्र पाडतो. या वाचनालयाच्या सभागृहात सहा मीटर व्यासाचा घुमट जेमतेम बसला. छताचे पंखे आधी उतरवावे लागले.

सभासद बहुतेक गिरणी कामगारांच्या कुटुंबांतले. गावे कोकणात, साताऱ्यात, सांगलीकडे. संध्याकाळच्या खेळांना आजी-आजोबा, नोकरीवरून परतलेली मधली पिढी आणि मुले असे तिन्ही वयांचे लोक येणार होते. दिवसा आसपासच्या शाळांसाठी वेगळे खेळ ठेवले होते. कार्यकारिणीची अपेक्षा साधी होती: लोकांना आकाशाची गोडी लागावी आणि जमल्यास गच्चीवर आकाशदर्शनाचा छोटा गट तयार व्हावा.

पहिल्या संध्याकाळी काय झाले

घुमट पुरवणाऱ्याने सोबत पंचवीस मिनिटांची तयार फिल्म दिली होती. निवेदन हिंदी, चित्रे झगझगीत. सुरुवातीलाच प्रेक्षक लघुग्रहांच्या पट्ट्यातून वेगाने झेपावतात, मग शनीच्या कड्यांतून, मग कृष्णविवराकडे. मुलांनी आरडाओरडा करून दाद दिली. पण काही वयस्क मंडळींना गरगरले. घुमटात चित्र नजरेच्या सगळ्या बाजूंना असते. ते वेगाने फिरले की शरीर जागेवर आणि डोळे मात्र प्रवासात, अशी स्थिती होते आणि मळमळते. दोन बायका मधेच उठून बाहेर आल्या.

खरी अडचण मात्र खेळ संपल्यावर समोर आली. कार्यक्रमपत्रिकेत ‘नंतर गच्चीवर आकाशदर्शन’ असे छापले होते. लोक वर गेले. घुमटात हजारो तारे पाहून आलेल्या डोळ्यांना लालबागच्या आकाशात मोजके ठिपके दिसले. एका मुलाने विचारले, ‘‘खालचं आकाश खोटं होतं का?’’ कोणालाच नीट उत्तर देता आले नाही.

फिल्ममध्ये आणखी एक गोष्ट खटकणारी होती. ती आपल्यापेक्षा बऱ्याच उत्तरेकडच्या देशासाठी बनवलेली होती. त्यात ध्रुवतारा क्षितिज आणि माथा यांच्या मधोमध होता. ध्रुव जितका उंच तितके त्या जागेचे अक्षांश, आणि मुंबई १९ अंश उत्तरेला. म्हणजे इथे ध्रुव हात लांब करून धरलेल्या दोन मुठींइतकाच वर. फिल्म पाहून गच्चीवर गेलेला माणूस त्याला भलत्याच उंचीवर शोधणार.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यामुळे पुढचे सगळे वळण घडले. गच्चीवर आमच्या गटातल्या तरुण शिक्षकाने पूर्वेकडे बोट दाखवून सांगितले, ‘‘हे मृग नक्षत्र. मधले तीन तारे म्हणजे मृगाला लागलेला बाण.’’ सातारकडचे एक आजोबा म्हणाले, ‘‘बाळा, मृग लागतो जूनमध्ये. सात-आठ तारखेला. त्यावर पेरणी ठरते. तो आत्ता थंडीत वर कसा?’’

प्रश्न अगदी नेमका होता आणि त्याचे उत्तर पंचवीस मिनिटांच्या फिल्ममध्ये कुठेच नव्हते. शिक्षकाने हातवारे करून समजावायचा प्रयत्न केला. आजोबांनी मान डोलावली, पण पटल्याची ती मान नव्हती.

पुढे काय करता आले असते

त्याच रात्री वाचनालयाच्या कचेरीत बसून पर्याय मांडले गेले. कार्यवाह, ग्रंथपाल बाई, तो शिक्षक, घुमट चालवणारा मुलगा आणि आमच्या गटातले आम्ही काही जण.

घुमट पुरवणाऱ्याने फोनवर त्याच फिल्मची मराठी आवृत्ती द्यायची तयारी दाखवली. भाषेची अडचण त्याने सुटली असती, ध्रुवाची आणि आजोबांच्या प्रश्नाची सुटली नसती. उरलेले खेळ रद्द करून सभागृहात पडद्यावर स्लाइडसह व्याख्यान ठेवावे, असेही एकाने सुचवले. वरळीच्या नेहरू तारांगणात सगळ्यांना बसने न्यावे, हा तिसरा विचार. ते १९७७ पासून सुरू आहे आणि या वस्तीतल्या कित्येकांनी शाळेच्या सहलीत ते पाहिलेले आहे. मोठा घुमट, आरामशीर खुर्च्या, सगळे चांगले. पण वाचनालयाला आपल्याच गच्चीवर माणसे जमवायची होती, आणि तो दुवा बसमध्ये बसल्यावर तुटला असता.

चौथा पर्याय शिक्षकाने मांडला: फिल्म बंद, प्रोजेक्टर तोच, पण त्याला लॅपटॉप जोडून स्टेलॅरियम हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर लावायचे आणि समोर माणूस उभा राहून बोलेल. त्यात ठिकाण, तारीख, वेळ हवी तशी बदलता येते. शहराच्या उजेडाची पातळीही कमी-जास्त करता येते.

कार्यवाहांचा याला विरोध होता आणि त्यांचे म्हणणे हलके नव्हते. फिल्मचे भाडे दिलेले होते. ती कितीही वेळा लावली तरी तशीच चालते. माणूस अडखळतो, भरकटतो, थकतो. शिवाय ‘‘लोक तंत्रज्ञान बघायला आलेत, भाषण ऐकायला नाही,’’ असे ते म्हणाले.

माझे मत तेव्हाही ठाम होते आणि आजही आहे. तारांगणाचे यंत्र जन्मले तेच बोलणाऱ्या माणसासाठी. झाइस कंपनीच्या वाल्टर बाउअर्सफेल्ड यांनी १९२३ साली म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये पहिले प्रक्षेपण दाखवले, ते आकाश हवे तेव्हा थांबवता आणि पळवता यावे म्हणून. आपल्याकडे पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली तारांगण सुरू झाले, तेही एका शाळेत, शिकवण्याच्या साधनाच्या रूपाने. समोरच्या माणसाने प्रश्न विचारला की आकाश त्या प्रश्नाच्या दिशेने वळवता येणे, हीच या साधनाची ताकद. तयार फिल्म लावली की ती ताकद वापरायचीच राहून जाते.

शेवटी तोडगा निघाला. शाळांच्या दिवसाच्या खेळात फिल्मची आठ-दहा मिनिटे ठेवायची, वेगवान सुरुवात गाळून. संध्याकाळचे सगळे खेळ माणसाने चालवायचे, मराठीत. कार्यवाहांनी एका खेळापुरते होकार दिला. तो जमला नाही तर परत फिल्म.

तारे किती दाखवायचे

तयारीत सर्वांत जास्त वेळ या एका प्रश्नात गेला.

ताऱ्याची प्रत म्हणजे त्याच्या तेजाची पायरी: आकडा जितका मोठा, तितका तारा फिका. अंधाऱ्या गावात निरोगी डोळ्याला सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. एका वेळी क्षितिजाच्या वर असे दोन-तीन हजार तारे असतात. तिसऱ्या प्रतीपर्यंतचे तारे मोजले तर ते सगळ्या आकाशात मिळून पावणेदोनशेच्या आसपास, आणि दुसऱ्या प्रतीपर्यंतचे पन्नासच्या घरात. त्यातले निम्मेच एका वेळी वर. लालबागच्या गच्चीवरचे आकाश साधारण या शेवटच्या दोन पातळ्यांच्या मधे कुठेतरी आहे. धूळ आणि धुरकट हवा असेल त्या रात्री आणखी कमी.

घुमट चालवणाऱ्या मुलाचे म्हणणे, लोक पैसे देतात ते भरगच्च आकाशासाठी. पहिल्याच क्षणी ‘वा’ आले पाहिजे. शिक्षकाचा आग्रह उलटा: सुरुवात गच्चीवरून. ग्रंथपाल बाईंनी यात मोलाची भर घातली. त्यांनी सुचवले की गच्चीवरून चारही बाजूंचे फोटो काढा आणि घुमटाच्या कडेला तेच क्षितिज लावा. स्टेलॅरियममध्ये असे स्वतःचे क्षितिज बसवता येते. मग घुमटात शिरलेल्या माणसाला गिरणीची चिमणी, नवे टॉवर, समोरच्या चाळीच्या गच्च्या ओळखू आल्या. पूर्व-पश्चिम लिहिण्याऐवजी दिशांना दादर, शिवडी, भायखळा, वरळी अशी नावे दिली. दिशा समजावण्यात एरवी बरीच मिनिटे जातात, ती वाचली.

खेळाचा क्रम असा ठरला. आजची तारीख, रात्रीचे नऊ, शहराचा उजेड आहे तसा. मोजकेच तारे. त्यात रोहिणी, ब्रह्महृदय, मृगाचे तीन तारे आणि शिवडीच्या बाजूला टॉवरांच्या मधून वर येऊ पाहणारा व्याध ओळखायचा. बाणाची रेषा वर वाढवली की रोहिणी, खाली वाढवली की व्याध, हे दोनदा करून घ्यायचे. मग उजेड हळूहळू कमी करायचा: आधी ठाण्यापलीकडचे आकाश, मग वांगणी-नेरळकडचे, जिथे मुंबईचे हौशी निरीक्षक रात्र काढायला जातात, आणि शेवटी अगदी अंधाऱ्या डोंगरातले. कृत्तिकांचा झुबका, हिवाळी आकाशगंगेचा फिकट पट्टा, उत्तरेकडच्या शर्मिष्ठा या तारकासमूहावरून ध्रुव. सप्तर्षी या वेळी उगवलेले नसतात, म्हणून त्यांच्यावर विसंबायचे नाही. मग वेळ मध्यरात्रीपर्यंत पळवून दक्षिणेला अगस्ती हा ठळक तारा. तो भायखळ्याच्या बाजूला कमी उंचीवर दिसतो आणि युरोपातल्या बहुतेक भागांतून दिसतच नाही, ही आपल्या अक्षांशाची मिळकत.

आणि अखेरीस शहराचे दिवे पुन्हा लावायचे. यावर पुन्हा वाद झाला. भरलेले आकाश रिकामे करून खेळ संपवला तर लोक हिरमुसतील, अशी भीती कार्यवाहांना होती. शिक्षकाने हट्ट सोडला नाही: खालचे आणि वरचे आकाश एकच आहे, हे लोकांना दिसले पाहिजे. मी त्याच्या बाजूने होते.

नक्षत्राचे प्रश्न कसे घ्यायचे

मराठी माणसाला नक्षत्रांची नावे पंचांगातून आणि शेतीतून येतात, हे आजोबांनी पहिल्याच दिवशी दाखवून दिले होते. तेव्हा पत्रिकेचे प्रश्न येणारच. कार्यकारिणीतल्या एकांना वाटे की विषय टाळावा, उगाच कुणाचे मन दुखवू नये. दुसऱ्या एका सदस्यांना वाटे की उलट अंधश्रद्धेवर दहा मिनिटे खडसावून बोलावे. ठरले ते असे: ज्याने ज्या नक्षत्राचे नाव घेतले, त्याला आधी ते नक्षत्र आकाशात दाखवायचे. थेट प्रश्न आला तर थेट उत्तर द्यायचे, एका-दोन वाक्यांत, आवाज न चढवता.

मृगाच्या प्रश्नासाठी तर खेळात खास जागा केली. तारीख ८ जून, वेळ दुपारी बारा. निवेदकाने वातावरण बंद केले, म्हणजे आकाशाचा निळा रंग गेला आणि भर दुपारी तारे दिसू लागले. माथ्याजवळ सूर्य. त्याच्या एका बाजूला मागे पडलेली रोहिणी, दुसऱ्या बाजूला मृगाचे शीर्ष. ‘‘मृग लागला म्हणजे सूर्य मृगात आला. सूर्याबरोबर उगवतो, सूर्याबरोबर मावळतो. जूनमध्ये मृग असतो, पण उजेडात बुडालेला असतो. सहा महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या पलीकडच्या बाजूला गेली की तोच मृग रात्रीचा वर येतो.’’ पुढे दिवस पुढे ढकलत सूर्य आर्द्रेत, पुनर्वसूत, पुष्यात सरकताना दाखवला. पावसाची सगळी नक्षत्रे ओळीने.

पहिल्या दिवसाच्या आजोबांना ग्रंथपाल बाईंनी घरी निरोप पाठवून बोलावून घेतले होते. ते बघून म्हणाले, ‘‘म्हणजे पंचांगवाला सूर्याचा पत्ता सांगतो, आणि तुम्ही रात्रीचा.’’ याहून चांगले वाक्य आमच्यापैकी कोणाला सुचले नसते. पुढच्या प्रत्येक खेळात निवेदकाने ते वापरले.

दुसऱ्या एका खेळात मागून एक आजी म्हणाल्या, ‘‘माझी नात मुळावर जन्मली. लग्नाचं जमत नाही. ते मूळ दाखवता का?’’ घुमटात कुजबूज झाली. निवेदकाने आकाश जुलैच्या रात्रीवर नेले. वृश्चिकाची वळलेली शेपटी, तिच्या टोकाशी मूळ. मुंबईत पावसाळ्याच्या ढगांमुळे ते संध्याकाळी सहसा दिसत नाही, म्हणून बहुतेकांनी ते पहिल्यांदाच पाहिले. शेजारीच आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग, कारण आपल्या दीर्घिकेचे, म्हणजे आपला सूर्य ज्यात आहे त्या अवाढव्य तारासमूहाचे, केंद्र त्याच दिशेला, सुमारे २६-२७ हजार प्रकाशवर्षे दूर. मग तो म्हणाला, ‘‘आजी, हे तारे शेकडो प्रकाशवर्षांवर आहेत. त्यांना ना तुमची नात माहीत, ना तिचे सासरे. मुळावर जन्मलेल्या मुलीने कुणाचं वाईट होत नाही.’’ आजी काही बोलल्या नाहीत. बाहेर येताना त्यांनी त्याला विचारले की नातीला उद्या घेऊन आले तर हेच पुन्हा दाखवशील का. ती दुसऱ्या दिवशी आली.

या उत्तरावर आमच्यात नंतर मतभेद राहिले. कुणाला ते फार स्पष्ट वाटले, सासऱ्यांचा उल्लेख तर नकोच होता असे कार्यवाहांचे मत. मला ते योग्य वाटते. मूळ नक्षत्रापायी मुलींची लग्ने आजही अडतात. अशा वेळी गोल गोल बोलणे म्हणजे त्या मुलीला एकटे पाडणे.

बाकीची व्यवस्था

घुमटाच्या कडेने खुर्च्यांची एक ओळ लावली, बाकी सतरंजीवर. दाराचा बोगदा ज्येष्ठांसाठी वर उचलून धरायला दोन स्वयंसेवक. आत शिरल्यावर दोन मिनिटे दिवे चालू ठेवून ‘घाबरल्यास हात वर करा’ असे सांगणे. ब्लोअर बंद पडला तर घुमट हळूहळू खाली बसतो, तेव्हा काय करायचे ते आधीच सांगितले. खेळाला माणसे कमी घेतली आणि एक खेळ वाढवला.

परिणाम

कार्यवाहांनी पहिल्या खेळानंतर फिल्मचा विषय पुन्हा काढला नाही. शेवटी दिवे लावून आकाश रिकामे केल्यावर लोक हिरमुसले नाहीत. उलट उरलेल्या ताऱ्यांना नावे घेऊन हाका मारू लागले. गच्चीवर रोहिणी सापडायला फारसा वेळ लागत नव्हता. तिचा प्रकाश सुमारे ६५ वर्षांपूर्वी निघालेला, म्हणजे मुंबईसह महाराष्ट्र झाला त्या काळातला, हे सांगितल्यावर वयस्क मंडळी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिली. या वस्तीतल्या काहींनी ते दिवस लहानपणी पाहिलेले आहेत.

सगळे जमले असे नाही. दिवसाच्या शाळांच्या खेळात मुलांना फिल्मच आवडली आणि बोलण्याच्या भागात मागची मुले अस्वस्थ झाली. निवेदकाचा आवाज तिसऱ्या खेळापर्यंत बसत असे. घुमटात आवाज भिंतींवरून परततो, त्यामुळे ऐकू कमी येणाऱ्यांना शब्द तुटक ऐकू येत. गच्चीवरचा गट सुरू झाला, पण त्यात येणारी माणसे थोडी आहेत आणि बरीचशी पन्नाशीपुढची. वाचनालयाला मुलांचा गट अपेक्षित होता.

वेगळे काय करता आले असते

फिल्म आधी बघायला मागवणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी गोष्ट होती. त्यात तीन गोष्टी तपासाव्यात: ती कोणत्या अक्षांशाचे आकाश दाखवते, चित्र किती वेगाने फिरते, आणि मधे थांबवून बोलता येते का.

निवेदक किमान दोन हवेत, आळीपाळीने. एक बाई असती तर मागे बसलेल्या बायकांनी आणखी प्रश्न विचारले असते, असे ग्रंथपाल बाईंचे निरीक्षण आहे.

मुलांसाठी वेगळी संहिता लागते. आमची संहिता पंचांग माहीत असलेल्या माणसांसाठी लिहिली गेली होती. टॉवरमध्ये वाढलेल्या दहा वर्षांच्या मुलाला ‘मृग लागला’ म्हणजे काय हे ठाऊक नसते, तेव्हा त्या प्रश्नाचा उलगडाही त्याला भावत नाही. त्याला बहुधा लॅपटॉपची कळ हातात द्यायला हवी होती.

एक विषय आम्ही वेळेअभावी गाळला: उत्तरायण. सूर्य २१-२२ डिसेंबरला उत्तरेकडे वळतो, आपण संक्रांत १४-१५ जानेवारीला करतो. संक्रांत सूर्य ताऱ्यांमध्ये कुठे आहे त्यावरून ठरते, आणि पृथ्वीचा अक्ष सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरा घेतो, दर ७२ वर्षांनी साधारण एक अंश, त्यामुळे हे अंतर पडत गेले. हे घुमटात सुरेख दाखवता येते, पण मृगाच्या उलगड्याला जोडून ठेवले असते तर दोन्ही डोक्यावरून गेले असते. गाळणे बरोबर होते. मात्र गच्चीवर तोच प्रश्न इतक्यांनी विचारला की त्यासाठी स्वतंत्र खेळ हवा, हे आता सगळ्यांना मान्य आहे.

तो खेळ संक्रांतीच्या आठवड्यात ठेवावा, की आधी १५ मे रोजी वाचनालयाच्या अंगणात शून्य सावली दाखवून लोकांना सूर्याच्या वाटेची सवय करावी, यावर कार्यकारिणीत चर्चा सुरू आहे. माझा कल मे महिन्याकडे आहे. त्या दुपारी साडेबाराच्या सुमाराला मुंबईत सरळ उभ्या खांबाची सावली नाहीशी होते, त्याला घुमट लागत नाही, भाडे लागत नाही, आणि मुलांना सुट्टी असते.